तहानेचा खडा

अण्णांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात होमिओपॅथीच्या गोळ्यांची एक चिमुकली काचेची बाटली असे. गोळ्या केव्हाच संपल्या होत्या. आता त्या बाटलीत कापसाच्या गादीवर एक खडा पहुडलेला असे: तुरीच्या डाळीएवढा, काळसर तपकिरी, अंगभर काटे असलेला. अण्णा म्हणजे माझे थोरले काका, भुसावळला एका कापडाच्या दुकानात मुनीम. आयुष्यभर त्यांनी जे काही घडवलं ते मालकाच्या खात्यावर जमा झालं. स्वतःच्या नावावर असलेली, संपूर्णपणे स्वतः तयार केलेली वस्तू ही एकच, असं ते म्हणत. काकूंना ती घरात कुठेच नको असे. देवघराच्या फळीवर नको, लोखंडी कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी तर मुळीच नको. म्हणून ती बिचारी खिशात, पेनाच्या सोबतीने राहायची. आणि त्यामुळेच तिच्या हातून थोडी समाजसेवा घडली. गावात कुणाच्या पोटात मुतखड्याची कळ उठली, की अण्णा संध्याकाळी दुकानातून परस्पर त्याच्याकडे जात. उशाशी बसून चौकशी करत, चहा घेत, आणि मग बाटली काढून दिव्यासमोर धरत. “हा बघा. हा माझा. आणि मी हा असा तुमच्यासमोर बसलोय.” एवढंच. दुखणाईत माणूस त्या खड्याकडे बराच वेळ पाहत राही. डॉक्टरांनी पिशवीभर औषधांनी जे साधलेलं नसे, ते त्या पाहण्याने थोडंफार साधत असावं.

अण्णांना हे ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं, पण ते एक जुनी परंपरा चालवत होते. सतराव्या शतकात लंडनमध्ये सॅम्युएल पेपीस नावाचा एक गृहस्थ होऊन गेला. तोही हिशेबातलाच माणूस. पुढे आरमाराच्या कारभारात मोठा झाला आणि त्याहून मोठा झाला तो त्याच्या रोजनिशीमुळे. २६ मार्च १६५८ रोजी त्याच्या मूत्राशयातला खडा कापून काढला. भूल देण्याची सोय जगात यायला अजून जवळजवळ दोनशे वर्षं होती, त्यामुळे रोग्याला बांधून ठेवत आणि शल्यवैद्याची कीर्ती त्याच्या हाताच्या वेगावर ठरे. निघालेला खडा त्या वेळच्या टेनिसच्या चेंडूएवढा होता. पेपीस वाचला, आणि वाचल्याचा आनंद त्याला इतका झाला की दर वर्षी त्या तारखेला तो मेजवानी देऊ लागला. खड्यासाठी त्याने खास पेटी करवून घेतली. १६६९ साली जॉन एव्हलिन हा त्याचा मित्र त्याला आपल्या आजारी भावाकडे घेऊन गेला. त्या भावालाही हाच विकार होता आणि शस्त्रक्रियेला त्याचं मन धजत नव्हतं. पेपीस आपला खडा बरोबर घेऊन गेला, दाखवायला. मला हे पहिल्यांदा वाचताना डोळ्यांसमोर टेम्स नदी उभीच राहिली नाही. भुसावळच्या एका माळवदी घरातला झिरोचा दिवा दिसला, आणि त्या उजेडात धरलेली बाटली.

आपल्याकडे तर पेपीसच्याही कितीतरी आधी सुश्रुताने या विकारावर सविस्तर लिहून ठेवलं आहे. अश्मरी, म्हणजे हा खडा, कशी होते हे सांगताना तो म्हणतो की नव्या घड्यात स्वच्छ पाणी भरून ठेवलं, तरी काही काळाने तळाशी गाळ दिसतोच, हेही तसंच. मला या दाखल्यातली समजूत फार आवडते. घड्याचा दोष नाही, पाण्याचाही नाही. नुसता काळ गेला, एवढंच झालं. ग्रीकांच्या वैद्यांना शपथ होती की खडा कापण्याच्या भानगडीत पडायचं नाही, ते काम त्यातल्या जाणकारांवर सोडायचं. सुश्रुत कापायला सांगतो, पण त्याआधी राजाची परवानगी घ्यायला सांगतो. कारण शस्त्र लावलं नाही तर मरण नक्की, लावलं तर शंका. आजही ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आपण ज्या कागदावर न वाचता सही करतो, त्या कागदाचा हा पणजोबा. राजा गेला, त्याच्या जागी आपले मेव्हणे साक्षीदार म्हणून सही करतात.

खरं तर मूत्रपिंड हे शरीरातलं अण्णांसारखंच खातं आहे. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर पाणी ते रक्तातून गाळून घेतं आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं, मीठ-साखरेसकट, मोजून परत देतं. एवढी उलाढाल सांभाळून तक्रार नाही, पगारवाढीचा अर्ज नाही. फक्त वरून पाणी कमी आलं, की टाकाऊ क्षार विरघळवायला द्रव पुरत नाही आणि ते कोपऱ्यात स्फटिक होऊन बसतात. शंभरातले सत्तर-ऐंशी खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. उरलेल्यांत यूरिक आम्लाचे असतात, जंतुसंसर्गामुळे वाढणारे असतात, आणि काही फारच थोड्या घराण्यांत पिढीजात चालत येणारे सिस्टीनचे असतात. सूक्ष्मदर्शकाखाली या मंडळींचं रूप पाहावं. सिस्टीनचे स्फटिक रेखीव षटकोनी. कॅल्शियम ऑक्झलेटचा एक प्रकार तर हुबेहूब टपालाच्या लिफाफ्यासारखा दिसतो: चौकोन, आणि त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दुमडीच्या दोन रेघा. लघवीच्या एका थेंबात असे लिफाफेच लिफाफे तरंगताना मी एका ओळखीच्या पॅथॉलॉजिस्टकडे पाहिले आहेत. शरीराने इतकी पत्रं लिहिली, आणि आपण एकही उघडून पाहिलं नाही.

याच कॅल्शियम ऑक्झलेटला आपण लहानपणापासून ओळखतो, फक्त नावानिशी नाही. अळूचं फदफदं करताना आजी चिंचेचा कोळ सढळ हाताने घाले, कारण खाजरं अळू निघालं तर सगळी पंगत घसा खाकरत बसेल. अळूच्या पानांत आणि सुरणाच्या गड्ड्यात ज्या सुया असतात, घशाला टोचणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या, त्या कॅल्शियम ऑक्झलेटच्याच. झाडाने त्या स्वतःच्या रक्षणासाठी तयार केल्या, गुरांनी खाऊ नये म्हणून. आपल्या शरीराने तोच माल कुणापासून रक्षण व्हावं म्हणून तयार केला हे मात्र कळत नाही. मला वाटतं, सवय म्हणून. श्रावणातलं ते गरम फदफदं, त्यातले भुईमुगाचे दाणे आणि खोबऱ्याचे काप आठवले की या खड्याबद्दल माझा सूर थोडा मवाळ होतो.

त्याच्या स्वभावात एक गंमत आहे. मोठा खडा बहुधा शांत असतो. सांबराच्या शिंगांसारख्या फांद्या फुटून सगळं मूत्रपिंड व्यापणारे खडे वर्षानुवर्षं मुकाट बसून राहतात आणि भलत्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत सापडतात. (मुकाट म्हणजे निरुपद्रवी नव्हे, आतल्या आत ते मूत्रपिंडाची नासाडी करत असतात.) आरडाओरडा करतो तो चार मिलिमीटरचा, कारण तो प्रवासाला निघालेला असतो. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतची नळी पाव मीटरच्या आसपास, आणि रुंदीला तीन-चार मिलिमीटर. वाटेत तीन ठिकाणी ती आणखी अरुंद होते. शेवटची, मूत्राशयात शिरतानाची, सगळ्यांत अवघड. खडा अडला की नळी त्याला पुढे ढकलायला पिळवटते, मागे लघवी तुंबते, मूत्रपिंड ताणलं जातं, आणि पाठीत उठलेली कळ कुशीवरून जांघेत उतरते. अपेंडिक्सचा रोगी हलायला भितो. हा रोगी मात्र उठतो, बसतो, ओणवा होतो, भिंतीला डोकं टेकतो, पुन्हा चालू लागतो. जगातली कुठलीही बैठक त्याला मानवत नाही. अनुभवी डॉक्टर दारातूनच ओळखतात. माझ्या वेळी तर रात्रपाळीच्या डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता, नुसत्या माझ्या येरझाऱ्यांच्या आवाजावरून, परिचारिकेला इंजेक्शन भरायला सांगितलं होतं.

हो, अण्णांचा वारसा माझ्याकडेही आला. सोनोग्राफीत माप निघालं चार मिलिमीटर, आणि या मापाचे बहुतेक आपणहून पडतात, असा दिलासा मिळाला. वेदनाशामक गोळ्या दिल्या, त्याबरोबर नळीचे स्नायू सैल करणारी एक गोळी, जी मुळात वयस्क पुरुषांच्या प्रोस्टेटसाठी आहे. मी ती थोड्या अकाली आदराने घेतली. बजावून सांगितलेली गोष्ट एकच: ताप आला, थंडी वाजली किंवा लघवी बंद झाली तर वाट पाहायची नाही, रात्र असो वा दिवस, सरळ यायचं, तुंबलेल्या जागी जंतू शिरले तर गाठ जिवाशी असते. आणि खडा पडला तर तो पकडून आणायचा, तपासायला, म्हणून लघवी गाळून करायची. “चहाची गाळणी नाही हं!” हे आतल्या खोलीतून आलेलं वाक्य मी घरी पोचून सोफ्यावर टेकायच्या आत ऐकलं. नवी गाळणी आणली, तिच्या दांड्याला लाल सुतळी बांधली. तरीही त्यानंतर कित्येक दिवस आमच्याकडे आलेले जवळचे लोक “चहा नको, आत्ताच झाला” म्हणत.

पण आले मात्र सगळे. आणि कुणीही रिकाम्या हाताने आलं नाही. समोरच्या काकूंनी पानफुटीचं पान आणलं, रोज एक चावून खायचं आणि वर तांब्याभर पाणी. या वनस्पतीचं पान मातीवर नुसतं पडलं तरी त्याच्या कडेकडेने पिल्लं फुटतात, त्यामुळे आमच्या सोसायटीत कुठल्या गॅलरीत पानफुटीची कुंडी आहे ते पाहिलं की कुणाला खडा होऊन गेला ते कळतं. खालच्या मजल्यावरच्या रत्नागिरीकडच्या वहिनींनी कुळथाचं कढण पाठवलं, पातेलंभर. कुणी गोखरूचा काढा सांगितला, कुणी पाषाणभेद, कुणी मक्याच्या कणसाचे केस उकळून तेच पाणी. शहाळी आली. बार्ली आली. ऑफिसातल्या एकाने कोपऱ्यात घेऊन बिअरचं महत्त्व पटवलं, आणि पटवताना त्याच्या चेहऱ्यावर जे वैद्यकीय गांभीर्य होतं ते मी एरवी ताळेबंदाच्या दिवशीही पाहिलेलं नाही. (बिअर लघवी वाढवते खरी, पण मद्य नंतर शरीर सुकवतं. त्याची निराशा नको म्हणून मी बोललो नाही.) टोमॅटो बंद करण्याविषयी मात्र सर्वांचं एकमत होतं, बियांमुळे. टोमॅटो बिचारा जवळजवळ निर्दोष आहे, त्याच्यात ऑक्झलेट फारसं नाही. खरा आरोपी पालक, आणि त्याची वकिली करायला पोपॉय उभा. दूधही बंद करायला सांगितलं गेलं, खडा कॅल्शियमचा म्हणून. पूर्वी डॉक्टरही असंच सांगत. मग १९९३ साली अमेरिकेत ४५ हजार पुरुषांच्या पाहणीतून उलटंच निघालं: जेवणातून पुरेसं कॅल्शियम घेणाऱ्यांना खडे कमी होतात. दह्यादुधातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून बाहेर नेतं. त्यापेक्षा मीठ आवरावं. मिठाबरोबर कॅल्शियमही लघवीत उतरतं. पण लोणच्याच्या बरणीवर संशय घेण्याची आपल्याकडे रीत नाही.

काढे, पानं आणि पातेली यांच्या मधोमध बसून असताना माझ्या लक्षात एक गोष्ट आली. यातलं काहीही कोरडं घ्यायचं नव्हतं. पान खाऊन वर तांब्याभर, कढण म्हणजे बव्हंशी पाणीच, काढा आठव्या हिश्शाला आटवला तरी दिवसातून तीनदा, बार्लीचं तर नावच बार्लीचं पाणी. या वनस्पतींत काय गुण असतील ते असोत, पण त्या सगळ्यांच्या पदराआडून पाणीच आत येत होतं, रात्रीच्या नाटकातल्या राजासारखं वेषांतर करून. उघड्या चेहऱ्याने आलं असतं तर त्याला कुणी विचारलं नसतं. नळाला येणाऱ्या वस्तूला औषध कोण म्हणेल? इटलीत पार्मा नावाचं शहर आहे, चीजसाठी प्रसिद्ध. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदाच खडा झालेल्यांचे दोन गट केले. एकाला भरपूर पाणी प्यायला सांगितलं, दुसऱ्याला काहीच सांगितलं नाही, आणि पाच वर्षं थांबले. १९९६ साली निकाल छापला: न सांगितलेल्यांत शंभरातल्या २७ जणांना पुन्हा खडा झाला, पाणी पिणाऱ्यांत १२ जणांना. गोळी नाही, चिरा नाही. लघवी दिवसाला अडीच लिटर व्हावी इतकं पाणी, एवढंच आजही सांगतात. आपल्या उन्हाळ्यात त्यासाठी तीन लिटरच्या वर प्यावं लागतं. हृदय किंवा मूत्रपिंड दमलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारायचं. एखादं लिंबू पिळलं तर दुधात साखर, लिंबातलं सायट्रेट स्फटिकांना एकमेकांचा हात धरू देत नाही.

खडा फोडायची वेळ आली, तरी मनुष्यजात पुन्हा पाण्याकडेच गेली होती. जर्मनीतली विमानं बनवणारी एक कंपनी, डॉर्निए, ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानांवर पावसाचे थेंब आपटून पत्र्याला इजा का होते याचा शोध घेत होती. थेंबाच्या धक्क्याची लाट पत्र्यातून आत जाते असं दिसलं, आणि त्यातून कुणाला तरी खडा आठवला. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये पहिल्या रोग्याला पाण्याने भरलेल्या टबात बसवून बाहेरून धक्के देऊन आतला खडा फोडला. आता टब गेला, नळीतून वर जाणारी बारीक दुर्बीण आणि लेसर आले, मोठ्या खड्यासाठी पाठीतून छोटं छिद्र पाडून तो काढतात. पण मला तो टबातला माणूसच राहून राहून दिसतो. ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानावर पडलेल्या पावसाचा त्याला उपयोग झाला, आणि तो मात्र कोमट पाण्यात, घरगुती आंघोळीला बसल्यासारखा.

पाणी प्यावं हे न कळण्याइतकं कठीण नाही, मग आपण पीत का नाही? आपली तर पाहुण्याला आधी पाणी विचारण्याची संस्कृती. उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी, चैत्रात कोपऱ्यावर पाणपोई, रांजणाला ओलं फडकं, आत वाळ्याची जुडी. दुसऱ्याच्या तहानेची इतकी काळजी घेणारे लोक स्वतःची तहान मात्र उद्यावर ढकलतात. अण्णांना गिऱ्हाईक समोर असताना उठून माठाकडे जाणं म्हणजे कामचुकारपणा वाटे. भुसावळच्या मे महिन्यात, पंख्याच्या गरम वाऱ्यात, सकाळी दहापासून ते गादीवर मांडी घालून कीर्दीत आकडे उतरवत आणि मालकाने मागवलेल्या कपभर चहावर दिवस काढत. तुरीच्या डाळीएवढा तो खडा अशा दुपारींचा होता.

माझ्या मावशीची गोष्ट याहून साधी आणि याहून वाईट. ती परगावी जायला निघाली की आदल्या रात्रीपासून पाणी बंद. “बसने जायचंय ना,” एवढंच कारण. तिच्या पिढीतल्या कुठल्याही बाईला त्यापुढचं सांगावं लागत नाही. वाटेत जागा असेल का, असली तर कडी असेल का, पाणी असेल का, तोवर गाडी थांबेल का. या चार प्रश्नांपेक्षा तहान सोपी. आठवड्याच्या बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या, उसाच्या फडात राबणाऱ्या बायका हाच हिशेब रोज करतात. मुंबईत २०११ मध्ये बायकांनी मोफत आणि स्वच्छ मुताऱ्यांसाठी मोहीम उभारली, तेव्हा लोकांना त्या मागणीचं हसू आलं होतं. मावशीला नाही आलं. तिने बातमी दोनदा वाचून घेतली आणि म्हणाली, “शिकलेल्या असतील त्या. बोलता आलं त्यांना.”

तिचा खडा पासष्टीत निघाला. डॉक्टरांनी दिवसाला तीन लिटर पाणी सांगितलं, आणि मावशी डॉक्टरांचं आणि सत्यनारायणाच्या भटजींचं कधी मोडत नाही. मागच्या चैत्रात मी तिला पंढरपूरला घेऊन निघालो तर तिच्या मांडीवर मोठी स्टीलची बाटली. दर अर्ध्या तासाने झाकण उघडायचं, चार घोट, झाकण बंद. मी खिडकीतून बाहेर पाहण्याचं नाटक करत मनात किलोमीटर मोजत होतो. एका ढाब्याच्या अलीकडे ती उठली, दांडीला धरत धरत पुढे गेली आणि साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मास्तर, गाडी थांबवा जरा. मला डॉक्टरांनी पाणी प्यायला सांगितलंय.”

कंडक्टरने घड्याळाकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं. “उतरा मावशी. आरामात या.” त्याने घंटी ओढली. ढाब्याच्या मागे पत्र्याची का होईना, कडीची जागा होती. मावशी उतरली आणि तिच्या मागे, काही न बोलता, पदर सावरत एक बाई उठली. मग कडेवर लेकरू असलेली एक. मग कॉलेजातल्या दोघी, मग अगदी मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या आजी, ज्यांना मी स्वारगेटपासून एकदाही हललेलं पाहिलं नव्हतं. पुरुष मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसले. एकेक करून सगळ्या परत आल्या, मावशी सर्वांत शेवटी, चेहऱ्यावर विठ्ठलाच्या आधीच दर्शन झाल्याचं समाधान.

“झालं का सगळ्यांचं?” कंडक्टरने विचारलं.

कुणी उत्तर दिलं नाही. मग ड्रायव्हरने चावी फिरवून इंजिन बंद केलं, दार उघडलं आणि खाली उडी मारत म्हणाला, “थांबा, मी पण येतो जाऊन.”